कृष्णाकाठची नावे

यंदा आपल्या मंडळाला साठ वर्षे पुरी झाली. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत ‘मंडळाची वाटचाल’ असा लेख मी लिहावा, असे कार्यकारिणीने ठरविले आणि कपाटाची किल्ली माझ्या हाती दिली. जुन्या पावत्या, हळदीकुंकवाच्या याद्या, शिवणवर्गाचे कागदी बेतकाप, असे काय काय उपसल्यावर तळाशी मंडळाची पहिली वही सापडली. लाल कापडी बांधणीची आणि कडेने वाळवीने थोडी चाखलेली. पण अक्षर टपोरे आणि शाई अजून काळी आहे. मला वाटले, झाले आपले काम! पहिल्याच पानावर बारा संस्थापक सभासदांची यादी होती. ती वाचली आणि मी कपाळाला हात लावला.

यादी अशी: डॉक्टरीणबाई, मास्तरीणबाई, पोस्टातल्या वहिनी, गिरणीवाल्या मावशी, वरच्या मजल्यावरच्या सूनबाई, कोपऱ्यावरच्या काकू, आणि याच तऱ्हेने पुढे बारापर्यंत. प्रत्येकीच्या पुढे वर्गणी पंचवीस पैसे जमा. हिशेब पैशापर्यंत चोख होता, परंतु बारांपैकी एकीचेही नाव लिहिलेले नव्हते! त्या वेळी लिहिण्याची गरज भासली नसेल, कारण सगळ्या एकमेकींना ओळखत होत्या. साठ वर्षांनी आपली वही वाचायला कोणी बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

लेख तसाच पडून राहिला. मध्यंतरी सहलीचा विषय निघाला. दरवर्षीप्रमाणे महाबळेश्वर की गणपतीपुळे, असा वाद रंगला असता मी भीत भीत सुचविले की, या खेपेस सातारा जिल्ह्यातली लहान गावची संग्रहालये आणि रस्त्यालगतची ऐतिहासिक ठिकाणे पाहू या. “म्हणजे दगडधोंडेच ना?” असे एकीने विचारले. दुसरीने साताऱ्याला कंदी पेढे मिळतात याची आठवण करून दिली, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. पेढ्यांचे माहात्म्य मी तेव्हापासून मानते.

एका शनिवारी पहाटे आम्ही तेरा जणी भाड्याच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून पुण्याहून निघालो. आमच्यात सर्वांत वडील म्हणजे अक्का. वय चौऱ्यांशी. मंडळ स्थापन झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी त्या लग्न होऊन या भागात आल्या आणि सभासद झाल्या. गुडघ्यांचे कारण सांगून त्यांना मागे ठेवण्याचा प्रयत्न त्यांच्या सुनेने केला. पण “चढण आली की मी गाडीत बसेन, तुम्ही बघून येऊन मला सांगा,” असे म्हणून त्या पुढच्या आसनावर जाऊन बसल्या, त्या उतरल्याच नाहीत.

खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरच्या फाट्याला वळले की वाई फार दूर नाही. वाईचे घाट आणि १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेले आहे, म्हणून त्याचे वर्णन करीत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली मराठी विश्वकोश याच गावी आकाराला आला, एवढे मात्र शाळकरी नातवंडांना सांगून ठेवावे. आम्ही घाटावर दशम्या आणि शेंगांची चटणी खाल्ली आणि तीन किलोमीटरवरच्या मेणवलीस गेलो.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. सहा चौक, जाड भिंती, काही दालनांत जुनी भित्तिचित्रे आणि मागे कृष्णेवर उतरणारा देखणा घाट. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी मंडपात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. ही घंटा आपल्या देवळासाठी ओतलेली नव्हे. चिमाजीआप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्याच कुळातली. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे, आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी आहे. आमच्यापैकी एकीने तिला सहज हात जोडले. मग आजूबाजूला पाहून ती थोडी ओशाळली. अक्का म्हणाल्या, “जोड की! लेकरू घेतलेली बाई आहे. कुठल्याही देवळात असली तरी आईच.”

वाड्याविषयी एक गोष्ट मला तिथे उभी असताना फार जाणवली. नाना फडणवीस १८०० साली मार्च महिन्यात वारले. त्यांनी एकामागून एक बरीच लग्ने केली होती. अखेरीस मागे राहिली ती जिऊबाई, अवघी नऊ-दहा वर्षांची पोर. एवढ्याशा जिवाच्या मागे पेशवाईतील सगळी कारस्थाने लागली. दुसऱ्या बाजीरावाला नानांच्या पैशाची आस होती. ही मुलगी लोहगडावर नेली गेली आणि तिथून इंग्रजांच्या आश्रयाने पनवेलीस पोहोचली. पेशवाई बुडाल्यावर ती मेणवलीस परत आली. इंग्रजांनी तिला नेमणूक करून दिली, गाव तिच्याकडे राहिले, आणि तिने आपले उरलेले आयुष्य इथे काढले. मेणवली दप्तर म्हणून इतिहासकार ज्या कागदांना मोठा मान देतात, ते याच वाड्यात राहिलेले नानांचे कागद. पेशवाईच्या अखेरच्या काळाचा इतिहास त्यांवाचून लिहिताच आला नसता. वाडा जिता राहिला म्हणून कागद राहिले, आणि वाडा जिता राहिला त्यात या बाईचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते. नानांचे नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. जिऊबाईचे नाव आमच्या गाडीत मी सोडून एकीलाही ठाऊक नव्हते, आणि मलाही ते सहलीची तयारी म्हणून पुस्तके चाळली तेव्हाच कळले, हे कबूल केले पाहिजे.

दुपारी परत हमरस्त्याला लागून आम्ही साताऱ्याच्या अलीकडे लिंबच्या फाट्याला वळलो. खरे सांगायचे तर ही सगळी सहल मी लिंबच्या विहिरीसाठी आखली होती. तिला ‘बारा मोटेची विहीर’ म्हणतात. शेतांतून जाणारा लहान रस्ता, उसाचे फड, आणि विहीर आहे हे तिच्या काठाशी जाईपर्यंत कळतसुद्धा नाही. मग एकदम पायऱ्या खाली उतरू लागतात, दगडी कमान येते, आणि आपण जमिनीच्या पोटात उभ्या असतो. मुख्य विहीर अष्टकोनी आहे. तिला लागून पायऱ्यांचा लांबट भाग आहे. या दोहोंच्या मधोमध पुलासारखा उंच भाग असून त्यावर दगडी खांबांचा छोटासा महाल आहे. वरून पाहिले तर सगळी आकृती शिवलिंगासारखी दिसते. विहिरीचा व्यास सुमारे ५० फूट आणि खोली सुमारे ११० फूट सांगतात. भिंतींवर वाघासारखे दिसणारे शरभ कोरले आहेत, कुणाच्या पंज्यात हत्ती सापडलेला आहे. महालाच्या खांबांवर गणपती आहे, मारुती आहे, घोडेस्वार आहेत. बाहेर ऊन रणरणत होते आणि आत माठातल्या पाण्यासारखा गारवा होता. “असली विहीर असती तर मी माहेरी गेलेच नसते,” असे आमच्यातील एक जण म्हणाली. तिच्या सासरी पाण्यासाठी कोसभर जावे लागे.

मोट म्हणजे काय, हे आमच्यातल्या तरुण मुलींना ठाऊक नव्हते. तेव्हा विहिरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकरीबाबांनी ते हातवारे करून सांगितले. कातड्याची मोठी पिशवी, तिला खालच्या बाजूस सोंड. वरच्या तोंडाला जाड दोर, तो नाडा. सोंडेला बारीक दोर, तो सोल. नाडा चाकावरून जाऊन बैलांच्या जुवाला बांधायचा. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यात पडते आणि पाणी भळ्ळकन् पाटाला लागते. मग बैलांनी पाठीमागे पावले टाकीत पुन्हा वर यायचे. “आनि बारा न्हाई हां बाई,” बाबा म्हणाले, “थारोळी मोजा. पंदरा भरत्यात.” आम्ही मोजू लागलो, पण प्रत्येकीचा आकडा निराळा आला, तेव्हा बाबांचाच मान्य केला. एका वेळी बारा मोटा चालत म्हणून नाव बारा मोटेचे पडले, असे सांगतात. या पाण्यावर इथे तीनशे आंब्यांची आमराई पोसली जात होती, असेही म्हणतात. बारा मोटा म्हणजे निदान चोवीस बैल. बारा मोटकरी, त्यांची मोटेवरची गाणी, चाकांची कुरकुर आणि बारा ठिकाणी पडणारे पाणी! आता तिथे फक्त पारव्यांचे घुमणे ऐकू येते.

विहिरीत देवनागरी शिलालेख आहे. ही विहीर श्रीमंत विरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. विरूबाई या छत्रपती शाहू महाराजांच्या घरच्या. सकवारबाई आणि सगुणाबाई या त्यांच्या राण्या होत्या. विरूबाई लग्नाच्या राणी नव्हेत, तरी महाराजांच्या घरचा सारा कारभार त्यांच्या हाती होता आणि राण्यादेखील त्यांचा मान राखीत, असे इतिहासकार लिहितात. अक्कलकोटच्या घराण्याचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले यांना त्या पुत्रवत मानीत. आपल्याकडे अशा स्त्रीविषयी लोक कसे बोलतात ते मी सांगायला नको. तीनशे वर्षांपूर्वी काही कमी बोलले असतील असे नाही. पण बोलणारे गेले. दगडावर नाव राहिले ते विरूबाईंचे, आणि ते देवळावर नव्हे, समाधीवर नव्हे, तर पाण्यावर.

शिलालेखातील शक मी मनाशी घोळवत राहिले. १७१९ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई १६८९ साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांच्या शाहूसह मोगलांच्या हाती लागल्या. औरंगजेब मेल्यावर १७०७ साली शाहू महाराज सुटून आले; येसूबाई मात्र ओलीस म्हणून मागेच राहिल्या. बाळाजी विश्वनाथ दिल्लीस गेले, सनदा घेऊन आले, आणि १७१९ च्या जुलै महिन्यात त्यांनी येसूबाईंना साताऱ्यास परत आणले. जवळजवळ तीस वर्षे शत्रूच्या छावणीत! आणि ज्या वर्षी एक बाई तीस वर्षांनी घरी परतली, त्याच शकात त्याच घरातल्या दुसऱ्या बाईने ही विहीर खणायला घेतली. दोघींची गाठभेट कशी झाली असेल, काय बोलल्या असतील, कोण जाणे! कागद त्याविषयी काही बोलत नाहीत.

रात्रीचा मुक्काम साताऱ्याला केला. गाद्या बेताच्याच होत्या आणि गरम पाणी सातालाच संपले. असो, सहलीत हे चालायचेच.

दुसरे दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय पाहिले. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीने आलेली, शिवछत्रपतींची म्हणून ओळखली जाणारी वाघनखे प्रथम इथेच मांडली होती. त्या वेळी दर्शनाला रीघ लागली होती. पुढे ती नागपूरला गेली. आम्ही शस्त्रे, नाणी, वस्त्रे निवांत पाहिली. जरीच्या एका जुन्या वस्त्रापुढे माझे पाय अडकले. माझ्या आजेसासूबाईंचा असाच भरजरी शालू होता. जुनी जर विकत घेणारा माणूस दारावर आला, त्याने तो तराजूत टाकला, चांदीचा भाव सांगितला, आणि मी, मीच, ‘घेऊन जा’ म्हटले. त्या पैशांत स्टीलचा डबा-संच आला. शालू कुठल्याशा भट्टीत वितळला. संग्रहालये पाहताना आपण दुसऱ्यांनी काय गमावले याची हळहळ करतो, म्हणून हे लिहून ठेविले.

साताऱ्याचे नाव निघाले की रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची आठवण काढलीच पाहिजे. १८७० ते १९२६ हा त्यांचा काळ. घरोघर हिंडून त्यांनी जुनी दप्तरे आणि चित्रे मिळविली, आणि त्यांच्या संग्रहावर साताऱ्यात एक संग्रहालय उभे राहिले. तो संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, याच गृहस्थांनी १८९४ साली झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले, आणि पुढे बायजाबाई शिंदे यांचेही लिहिले. राणीला जाऊन तेव्हा छत्तीस वर्षेच झाली होती. तिला पाहिलेली माणसे हयात होती, त्यांना विचारता येत होते. पारसनिसांनी वेळेवर विचारले. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, ते का ते पुढे येईल.

साताऱ्याहून रहिमतपूरवरून औंधला गेलो. औंध हे लहानसे संस्थान. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१) म्हणजे एक अजब माणूस! सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे, स्वतः चित्रे काढणारे, कीर्तन करणारे. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. कैद्यांना उघड्यावर, विश्वासाने ठेवण्याचा स्वतंत्रपूरचा प्रयोग त्याच संस्थानातला. त्यावरून सुचलेला व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा बोलपट आपल्यातील थोरल्यांनी पाहिलाच असेल.

यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये श्रीभवानी चित्रसंग्रहालय उघडले. मोठ्या शहरात सहज जमले असते ते या माणसाने माळरानावरच्या खेड्यात केले. आपल्या रयतेने कलाकृती पाहण्यासाठी मुंबईला का जावे, असा त्याचा हिशेब असावा. अक्कांनी ठरल्याप्रमाणे गाडीत बसायला हवे होते. पण दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून त्या वर आल्याच. आत हस्तिदंती आणि चंदनी कोरीवकाम आहे, संगमरवरी पुतळे आहेत, धुरंधरांसारख्या नामवंत चित्रकारांची चित्रे आहेत. आणि तिथे, सातारा जिल्ह्यातल्या औंध गावात, हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराने घडविलेले ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्प आहे! मूर्ती ओबडधोबड, डोळे-नाक सुबक नाही. आमच्यापैकी काहींनी नाके मुरडली. अक्का बराच वेळ तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काल घंटेवर होती तीच ही. काल नटून आली होती.”

राजा रविवर्म्याच्या ‘सैरंध्री’पुढे मात्र सगळ्याच थांबलो. विराटाच्या घरी अज्ञातवासात राहिलेली द्रौपदी, कीचकाकडे पाठविली जात असलेली, भेदरलेली. चेहरा असा काढला आहे की पाहणारीलाच मागे सरकावेसे वाटते. मी तरुण मुलींना सांगितले की सैरंध्री हे काही नाव नव्हे. वेणीफणी करणारी, उटणी लावणारी दासी, म्हणजे कामावरून पडलेली ओळख. हे ऐकताच आमच्या खजिनदारीणबाई पटकन म्हणाल्या, “म्हणजे आपल्या वहीतल्या गिरणीवाल्या मावशींसारखंच की!” सगळ्या हसल्या. अक्का हसल्या नाहीत, हे माझ्या ध्यानात आले.

परतीच्या वाटेवर ऊन उतरताना संगम माहुलीला थांबलो. कृष्णा आणि वेण्णा इथे मिळतात. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेले विश्वेश्वराचे काळ्या दगडाचे देऊळ, घाट, वड-पिंपळ आणि मोठमोठ्यांच्या समाध्या. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचेच. रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांना इथली सर्वांत ठाऊक असलेली गोष्ट कोणती म्हणाल, तर शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी. त्याचे नाव खंड्या. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचविले, असे सांगतात. पुढे त्याला पालखीचा मान मिळाला. भर दरबारात महाराजांनी आपली पगडी त्याच्या डोक्यावर चढविली, असे ग्रँट डफने नोंदविले आहे. इमानी जनावराचा असा गौरव करणाऱ्या राजाचे मन मोठे होते यात शंका नाही. दगडात कोरलेल्या त्या कुत्र्यावर लहान मुले हात फिरवतात.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांचे दहन याच संगमावर झाले, आणि राणी सकवारबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. त्या आपखुशीने गेल्या नाहीत, गादीच्या राजकारणात नकोशा झालेल्या राणीला तिच्याच बोलण्यात गुंतवून जाणे भाग पाडले, असे इतिहासकार लिहितात. घाटावर उभी असताना हे मला आठवले, पण सांगवेना. मुली फोटो काढीत होत्या. मग अक्कांनीच विचारले तेव्हा सांगितले.

आणि येसूबाई? तीस वर्षांचा बंदिवास सोसून आलेल्या त्या महाराणीची समाधी याच माहुलीत आहे. परंतु कितीतरी वर्षे ती कोणती, हे कोणालाच सांगता येत नव्हते. अलीकडच्या काळात साताऱ्याच्या स्थानिक अभ्यासकांनी जुने कागद शोधून, जागेशी ताडून ती दाखवून दिली. तोवर लोक त्या दगडी बांधकामाशेजारून जातयेत होते, उन्हात त्याच्या सावलीला टेकत असतील. कुत्र्याचे नाव गावातल्या प्रत्येक पोराला पाठ आणि राणीची समाधी मात्र बेपत्ता! यात खंड्याचा काही दोष नाही. त्याची गोष्ट सांगणारे होते, तिची नव्हते, एवढेच. आम्ही तिथे दोन फुले वाहिली. फुले आणलेली नव्हती. एकीच्या वेणीतली काढली.

गाडी सुटली. बोगद्यापाशी येईपर्यंत अंधार पडला होता. पेढ्यांचा पुडा फिरत होता, मागे भेंड्या सुरू होत्या. अक्का एकाएकी मागे वळून मला म्हणाल्या, “ती वही आणली आहेस का गं?” वही घरी होती, पण पानाचा फोटो मोबाईलमध्ये होता. “वाच,” त्या म्हणाल्या.

मी वाचू लागले. डॉक्टरीणबाई. अक्कांनी डोळे मिटले आणि नाव सांगितले, नाव आणि माहेरचे आडनावसुद्धा. मास्तरीणबाई. सांगितले. पोस्टातल्या वहिनी स्वतः पोस्टात नव्हत्या, त्यांचे यजमान होते. पण मंडळाचा हिशेब त्यांनीच बसविला, आणि वहीतले टपोरे अक्षर त्यांचेच. गिरणीवाल्या मावशींना लिहिता येत नव्हते. मंडळाच्या प्रौढ वर्गात त्या पहिल्यांदा सही शिकल्या, आणि मग दुकानाच्या उधारीच्या वहीवर हौसेने सही करू लागल्या. वरच्या मजल्यावरच्या सूनबाई तीन वर्षांत गेल्या, बाळंतपणात. मागची भेंडी केव्हा थांबली कळले नाही. खजिनदारीणबाईंच्या हाती औंधच्या संग्रहालयाची तिकिटे होती, त्यांच्या पाठीवर त्या लिहीत होत्या. गाडी हलत असल्यामुळे अक्षर वेडेवाकडे आले आहे. तीच तिकिटे आता वहीच्या पहिल्या पानाला चिकटविली आहेत.

शिरवळ मागे पडेपर्यंत अकरा नावे झाली. ती या स्मरणिकेच्या आरंभी, जिथे दरवर्षी पाहुण्यांचा संदेश असतो त्या पानावर छापली आहेत. संदेश या खेपेस दुसऱ्या पानावर गेला, त्याबद्दल पाहुण्यांनी क्षमा करावी.

बारावे नाव अक्कांना आठवले नाही. कोपऱ्यावरच्या काकू. अंगणात बकुळीचे झाड होते, नऊवारी नेसत, आवाज खणखणीत, मंडळाच्या पहिल्या भजनाची सुरुवात त्यांनी केली, आणि पुढे बिऱ्हाड हलवून नागपूरकडे गेल्या, एवढेच त्या सांगू शकल्या. आपल्यापैकी कोणाच्या सासूबाईंना, शेजारणीला किंवा जुन्या भाडेकरूंना हे नाव आठवत असेल, तर चिटणिसांकडे कळवावे. वहीत त्यांच्या पुढची जागा मोकळी ठेवली आहे.